दवातला कोरडा पापड

बाई,

परवा तुझी तेरवी झाली. पंगतीत पापड तुझ्याच हातचे होते. चैतात लाटून, वाळवून तू डबा भरून ठेवला होतास आणि तुझ्या लेकाला, दिनकरला बजावलं होतंस, की हे घरच्या कार्याला काढायचे, येता-जाता तळून संपवायचे नाहीत. कार्य कोणाचं ते सांगितलं नव्हतंस. स्वतःच्या तेरवीचे पापड स्वतः लाटून ठेवणारी बाई आपल्या सात पिढ्यांत झाली नसेल. तुझा दिनकर वाढताना रडत होता आणि पंगतीतली माणसं दुसऱ्यांदा पापड मागत होती. "रडू नको बाप्पा, अजून दोन घेऊन ये," असं एक म्हातारा त्याला म्हणाला. तू असतीस तर त्या म्हाताऱ्याला तीन वाढले असतेस.

तेरवीला चार शब्द बोलायला मलाच, तुझ्या धाकट्या भावाला, उभं केलं होतं. मी बोललो. नेहमीसारखंच बोललो, म्हणजे छान बोललो. आयुष्यभर उंद्रीच्या शाळेत मराठी शिकवलं आणि आसपासच्या गावांत लग्नाचा माइक धरला. नवरदेव इतका मोठा करून सांगतो की त्याच्या बापालाही तो ओळखू येऊ नये. तू मांडवात मागच्या खुर्चीवर बसून ऐकायचीस आणि जेवताना विचारायचीस, "वसंता, त्यातलं खरं किती होतं?" मी म्हणायचो, "नाव." तू पदर तोंडाला लावून हसायचीस, कारण तेव्हा तुझ्या तोंडात खालचे चारच दात होते आणि तुला त्यांची लाज वाटायची.

आज खरं सांगायला बसलोय. तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि तुलाच एक विचारायची राहिली होती. सात वर्षं राहिली.

आपल्या घरात तोवर कोणाला कुठं एक जागा धड मिळाली नव्हती. माझ्या पूर्वाला एका आठवड्यात दोन मिळाल्या. मोठ्या डॉक्टरकीला मार्क थोडे कमी पडले, दातांच्या डॉक्टरकीला पुरले. राज्याच्या यादीतून एक खाजगी कॉलेज लागलं, एस.टी.नं तीन तासांवर. शनिवारी दुपारी निघाली तर संध्याकाळच्या वरणफळाला घरी. चार दिवसांनी देशाच्या यादीतून दुसरं लागलं. सरकारी, पण थेट केरळात. म्हणजे शेगावला रेल्वेत बसायचं आणि दीड दिवस बसूनच राहायचं. हजर व्हायला मोजके दिवस, आणि मूळ कागदांची फाईल एकच. ती ज्या कॉलेजात जमा होईल तिथली पोरगी. दुसरी जागा गेली.

मी गावात ज्याला त्याला हसून सांगत होतो, "पोरीच्या मनावर आहे." घरात आलो की पोरीचं मन तयार करायला बसायचो. तिकडे भाजीत खोबऱ्याचं तेल. तिकडे भाकर नाही. तिकडची लिपी म्हणजे जिलेब्या तळून ठेवल्यासारखी, एकही अक्षर धरता येत नाही. गाडी मध्येच बंद पडली तर कोणत्या भाषेत ओरडशील? मी नकला करून दाखवायचो, पूर्वा हसायची आणि शेवटी म्हणायची, "तुम्ही म्हणाल तसं, बाबा." या वाक्यावर मी फार खूश होतो. बापांना हे वाक्य होकारासारखं ऐकू येतं.

मंगलाला मात्र ते तसं ऐकू आलं नाही. तिनं तुला फोन केला. माझ्याविरुद्ध दाद मागायची तर वकील कोण, हे माझ्या बायकोला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तू वरवट बकालहून निघून दोन गाड्या बदलून दुपारी उंद्रीला उतरलीस, काखेत पिशवी, पिशवीत पापडाचा डबा. पाणीही न पिता म्हणालीस, "दात शिकाले पाच वर्षं लागते काय रे? लेकराले तं साहा महिन्यात येते."

मग ओसरीवर माझं भाषण ऐकलंस. पुरतं ऐकलंस, खोबऱ्याच्या तेलापासून जिलेबीपर्यंत.

"आन पोट्टी काय म्हणते?"

"लहान आहे बाई ती. तिले काय समजते?"

"लहान आहे तं लोकायच्या तोंडात हात घालाले कायले धाडून राह्यला?"

मंगला आत भांडी आवरत होती, ती एकदम थांबली. मी विषय बदलला. तू विषय बदलू दिलास, तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

संध्याकाळी तू जाहीर केलंस, "घट मांडू."

तुझ्या सासरकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेतात घट मांडतात, ते मी लहानपणापासून तुझ्याच तोंडून ऐकत आलो. गोल मांडलेली धान्यं, मध्ये पाण्याची घागर, वर पापड आणि कुरडई. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही, आणि सकाळी काय हललं, काय राहिलं, काय गेलं यावरून वर्षाचं पाऊसपाणी सांगायचं. यावरून आपण दर उन्हाळ्यात भांडलो. मी म्हणायचो, मुंग्यांना कोण सांगतं यंदा तुरीला भाव आहे म्हणून? तू म्हणायचीस, तुह्या पुस्तकाले तरी कोण सांगते? ते भांडण काही निकालात निघालं नाही आणि आता निघणारही नाही.

"बाई, ही काय अखाजी आहे काय? भादवा आहे."

"सीट अखाजीले आली काय? जवा आली तवा मांडा लागते."

परसात पेरूखाली तू वीतभर जागा शेणानं सारवलीस. घरात होती ती सात धान्यं गोल ठेवलीस. मध्ये पाण्यानं भरलेलं मडकं, आणि मडक्याच्या तोंडावर डब्यातला एक पापड, अलगद, जसं बाळाला टोपडं घालावं.

"हा सांगन," तू म्हणालीस.

"काय सांगन?"

"सकायी पाहू. दिवस निंघेलोक परसात कोणी पाय ठेवाचा नाही." मग थोडं थांबून, माझ्याकडेच बघून, "तू बी नाही."

बाई, मी घट मानत नाही. हे मी आजही म्हणतो. पण माणूस न मानणाऱ्या गोष्टीलाही पहाटे पाच वाजता घाबरू शकतो. मी उठलो. हातात तांब्या घेतला. कोणी विचारलं तर तुळशीला पाणी घालायला निघालोय असं सांगायचं. उभ्या आयुष्यात मी तुळशीला पाणी घातलं नव्हतं, पण ते त्या वेळी सुचलं नाही. मागचं दार हळूच ओढून परसात आलो आणि पाहतो तर पापड गेलेला. मध्ये लोंबून फाटलेला, अर्धा पाण्यात बुडालेला, अर्धा मडक्याच्या कडेला चिकटलेला. माझ्या डोक्यात एकच आलं. पापड मोडला, म्हणजे घर मोडलं, म्हणजे पोरगी चालली.

मी चवड्यांवर परत स्वयंपाकघरात गेलो. डबा उघडला. त्याचं झाकण किती करकरतं ते मला त्या दिवशी कळलं. एक पापड काढून बनियनच्या आत पोटावर धरला, परसात आणला आणि मडक्यावर ठेवला. जुन्याचं काय करायचं? फेकावा तर कोंबड्या घेऊन नाचतील. मी तो खाल्ला. कच्चा, ओला, हिंगाचा. पुरावा पोटात गेला आणि मी तांब्यातलं पाणी तुळशीला न घालता स्वतःच प्यालो.

दिवस निघाल्यावर आपण सगळे गेलो. तू उकिडवी बसलीस. गहू पाहिला, तूर पाहिली, "हं" म्हणालीस, जणू तुरीनं कानात काही सांगितलं. मग पापड उचललास, उजेडात धरलास आणि नखानं टिचकी मारलीस. टण्ण वाजला.

"साबूत आहे," तू म्हणालीस. "कडक."

मी चेहऱ्यावर मोठं आश्चर्य आणलं. "म्हणजे पोरगी आपल्या जवळच..."

"थांब जरा. घट तू वाचून राह्यला का मी?" मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी माझ्या माइकच्या आवाजात तू सांगितलंस, "हा पापड रातभर परसात एकटा राह्यला. ना डबा, ना घर. वर आभाय, खाली पानी. तरी मोडला नाही. म्हंजे पोट्टी किती बी लांब गेली तरी मोडत नाही. धाडा तिले."

मी तोंड उघडलं. पण बोलू काय? की हा पापड रात्रभर एकटा नव्हता, तासाभरापूर्वी डब्यात आपल्या भावंडांत होता?

"काऊन रे वसंता, काही म्हणाचं आहे काय?"

"नाही."

"मंग काढ तिची फाईल."

मी फाईल काढली. त्या सगळ्या वेळात मी पापडाकडे पाहत होतो, तुझ्याकडे पाहत होतो, पूर्वाच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सात वर्षं वाचली असती. दुपारी जेवताना तू तो पापड तळलास आणि बरोबर माझ्याच ताटात वाढलास. "खा. नशीबवान पापड आहे."

पूर्वा गेली. पहिले चार महिने रोज संध्याकाळी फोन. एकदा म्हणाली, "बाबा, इथं सगळ्या हसतात तेव्हा मीपण हसते. कशावर हसल्या ते कळत नाही." मी फोनवर तिला दोन विनोद सांगितले, मराठीतले, आणि फोन ठेवून सरळ शाळेच्या मैदानावर जाऊन बसलो. हे माझ्या हातानं झालं होतं. मी तो मोडका पापड तसाच राहू दिला असता तर तू काय वाचलं असतंस? मोडकं म्हणजे अशुभ. कदाचित म्हणाली असतीस, नका धाडू. पोरगी आज तीन तासांवर असती, तिला विनोद कळले असते. तिला जवळ ठेवायला मी पापड बदलला आणि त्याच पापडानं ती गेली. गोष्टी रंगवून सांगणाऱ्या माणसाला देवानं ही एक गोष्ट अशी दिली की ती कोणालाच सांगता येऊ नये.

दर दिवाळीला वरवटला येताना ठरवून यायचो, यंदा विचारायचं. एकदा विचारलंही. तू पाट्यावर चटणी वाटत होतीस. "बाई, त्या घटातला पापड मोडला असता तं?"

तू हात न थांबवता म्हणालीस, "मोडला कुठं होता?"

"नाही, असंच."

"असंच तं असंच."

आणि निघताना पापडाचा डबा देऊन वर एक पापड कागदात वेगळा बांधून दिलास. "हा येगळा ठेव. पहाटे लागला तं." दर वर्षी. सात दिवाळ्या, सात पापड. तू नाश्त्याचंच बोलतेस असं मी दाखवायचो. तेवढा बावळट मी नाही, बाई. पण तुला कळलंय हे मला कळलंय, हे तुला कळू नये, यासाठी मी जी नाटकं केली ती माझी सर्वांत चांगली कामं होती, आणि प्रेक्षक एकच होता.

पोरगी मात्र रुळली. दुसऱ्या वर्षी ती भाषा बोलायला लागली, तिसऱ्या वर्षी त्या भाषेत भांडायला लागली, तेव्हा मंगला म्हणाली, आता काळजी नाही. शिकून परत आली, चिखलीच्या एका दवाखान्यात बसायला लागली, आणि पहिली गोष्ट कोणती केली तर तुझी कवळी. तू खुर्चीत कशी बसली होतीस. माप घ्यायला तिनं तोंडात तो लगदा घातला तर उरलेल्या चार दातांनी तिचं बोट धरलंस आणि सोडेनास. "आत्या, चावू नका." "मंग देवानं चार कायले ठेवले?" शेवटी तेही काढले, हिरड्या भरल्या आणि नवे दात बसले. आरशात न पाहता तू पिशवीतून भाजलेला पापड काढलास. डॉक्टरच्या खुर्चीत बसून, दिव्याखाली. कडकन मोडलास. तो आवाज ऐकून बाहेर बसलेला पेशंट उठून उभा राहिला.

त्या दिवसापासून तू हसताना पदर लावला नाहीस. माझ्या भाषणांना आता मागून पूर्ण बत्तीस दात हसायचे, आणि मी अजून खोटं बोलायचो.

तू गेलीस तीही अशी, की तक्रार करायला जागा ठेवली नाहीस. दुपारी भांडी पालथी घातलीस, जरा आडवी होते म्हणालीस, आणि झालं. दात वाटीत काढून ठेवलेले होते. बायका एकमेकींकडे पाहत होत्या. पूर्वा उठली. तिनं ते धुतले आणि तुझ्या तोंडात बसवले, हलक्या हातानं, जसे पहिल्यांदा बसवले होते. मग गाल दोन बोटांनी सारखा केला. मी तेव्हा रडलो. तोवर फक्त आवाज काढत होतो.

आता परवाचं. पंगती उठल्या होत्या. तुझ्या परसात मी, पूर्वा, आणि तुला भागाबाई म्हणणारी तुझी शेजारीण कमलबाई, जिच्यासोबत तू तीस चैत पापड लाटलेस. डब्याच्या तळाशी चार-पाच उरले होते. पूर्वानं एक माझ्या हातात दिला. आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं.

"पूर्वा, त्या घटातला पापड मी बदलला होता. तू जाऊ नये म्हणून."

 पूर्वा हसायला लागली ती थांबेचना. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "बाबा, मला जायचंच होतं. आत्यानं मला त्याच दिवशी दुपारी विचारलं होतं, तुम्ही झोपला होता तेव्हा. मी सांगितलं, मला केरळात जायचंय. तर म्हणाली, मंग तोंडावर सांग बापाले. मी म्हटलं, बाबांचा चेहरा पडेल, मला नाही जमायचं. त्यावर ती म्हणाली, बरं, मंग पापडाले सांगू दे."

मी पेरू नसलेल्या त्या परसात पेरूचं झाड शोधत होतो, आधाराला. "पण तो मोडला होता. मी तसाच ठेवला असता तर?"

तेव्हा कमलबाई बोलली. "भाऊ, भादव्यात पान्याच्या तोंडावर पापड रातभर कडक राह्यते काय? अखाजीच्या उन्हायात ठेवला अस्ता तं गोष्ट येगळी. तो मोडनारच होता. भागाबाईले का पापड समजत नाही?"

"मग काय म्हणणार होती ती?"

"मोडला तं उंबरा मोडला, पोट्टीले वाट मोकयी. अन साबूत निंघाला तं समजाचं, वसंता उठला होता. मले तं तिनं तवाच सांगतलं. अहो भाऊ, समद्या आळीले ठाऊक आहे."

बाई, सात वर्षांनी मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. माझ्या हातानं काहीच झालं नव्हतं. पोरगी स्वतःच्या मनानं गेली होती, रडली ती स्वतःच्या मनानं, रुळली तीही. मी नुसता एक पापड खाल्ला होता. इतकं निरुपयोगी ठरून इतकं हलकं वाटतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"आळीले ठाऊक म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे ती नक्कल करे तुमची. पापड लाटता लाटता उठे आन करून दाखवे. आमी हसून हसून बेजार."

मग साठ वर्षांची ती बाई उठली. लुगडं जरा वर खोचलं. एका हातात नसलेला तांब्या, दुसरा हात पोटाशी दाबलेला, बनियनखाली पापड धरल्यासारखा, आणि चवड्यांवर टाकलेली पावलं. मान कासवासारखी पुढे. मध्येच थांबून डब्याचं झाकण करकरल्यावर जीभ चावली. बाई, ती चाल माझी होती, पण मान वळवण्याची लकब तुझी होती. म्हणजे तू मागच्या खिडकीतून सगळं पाहत होतीस. आणि मी समजत होतो की आपल्या घरात गोष्टी रंगवून सांगणारा मी एकटाच आहे.

मी कमलबाईला ती नक्कल तीन वेळा करायला लावली. तिसऱ्या वेळेला तिनं नसलेला पापड नसलेल्या मडक्यावर ठेवला, पदर सारखा केला आणि खाली बसली.

"बस. भागाबाई इथलोकच करे. पुढचं कधी सांगे नाही."

"पुढं काय आहे?"

"तेच आमी इचारो. तं म्हणे, पुढचं माह्या भावाचं आहे. तो येईन एक दिवस, सोता सांगन. त्याच्या आधी मी कशी सांगू?"

आलो, बाई. जरा उशीर झाला. तर ऐक. त्या दिवशी पहाटे पाच वाजता मी परसात गेलो होतो. तुळशीला पाणी घालायला नाही.